भागीरथेचं हूं

शालिकराम धकात्याच्या घरी हातमाग होता, आणि बाप नानाजी गोष्टी सांगणारा होता. उमरेडच्या त्यांच्या गल्लीत दिवसभर माग खटखटत. दिवाबत्ती झाली की माग थांबत आणि नानाजीच्या ओट्यावर माणसं जमत. सांगायची रीत ठरलेली. नानाजी म्हणे, "एक राजा होता." समोर बसलेला एकजण म्हणे, "हूं." "त्याले सात राण्या होत्या." "हूं." हे हूं म्हणणं कुणा ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. हूं ढिलं पडलं की गोष्ट ढिली पडते. हूं घाईचं झालं तर राजा घोड्यावर बसायच्या आधीच लढाई संपते. आणि हूं थांबलं तर सांगणाऱ्यानं समजावं, ऐकणारा घोरायला लागला, आता आपणही पाय ताणावेत.

दुसरी रीत अशी की दिवसा गोष्ट सांगायची नाही. दिवसा सांगितली की मामा वाट चुकतो. कुणाचा मामा, कुठली वाट, हे कुणी विचारत नसे. मागावर बसलेल्या पोरांनी गोष्टीच्या नादात धागे तोडू नयेत म्हणून एखाद्या चतुर म्हाताऱ्यानं हे काढलं असेल. पण त्या गल्लीत उन्हात कुणी गोष्ट काढली, तर बाया त्याच्या अंगावर धावून जात. प्रत्येकीला भाऊ होता, आणि भाऊ म्हणजे पोरांचा मामा.

शालिकराम मागावर रमला नाही. नागपूरला गिरणीत लागला, पाळीनं काम करू लागला. लग्न झालं. बायको भागीरथा उमरेडजवळच्याच खेड्यातली, बोलायला कमी, अक्षरओळख नाही. माहेरी तिच्या मागं एक धाकटा भाऊ तेवढा उरलेला, गोविंदा. भागीरथेला हूं म्हणता येत होतं. भ्यायची जागा आली की तिचं हूं खाली उतरे, लढाईत टापांच्या तालावर चाले, आणि राणीनं काही लपवलं की तिचं हूं जरा लांबे, म्हणजे मला कळलं बरं का, अशा अर्थानं. शालिकराम थकून घरी येई, भाकर खाई आणि तिला गोष्ट सांगत बसे. शेजारपाजारचे म्हणत, याच्या घरी रोज नाटक आहे, तिकीट नाही.

गल्लीतल्या गणपतीच्या पावत्या छापायला शालिकराम महाल भागातल्या महादेवरावांच्या छापखान्यात गेला, तिथून पुढचं सगळं झालं. महादेवराव लग्नपत्रिका छापत, पंचांग छापत, आणि एस्टी स्टँडवर विकायच्या लहान आकाराच्या कादंबऱ्याही. पावत्या निघेपर्यंत शालिकराम छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला गोष्ट सांगत बसला. जुळवणाऱ्याचा हात थांबला. महादेवराव शिव्या द्यायला बाहेर आले आणि दाराशीच उभे राहिले. गोष्ट संपल्यावर म्हणाले, "हे लिहून आण."

लिहायला बसल्यावर शालिकरामाला कळलं की आपल्याला लिहिता येत नाही. अक्षर बरं होतं, पण एक वाक्य उतरलं की पुढं सगळं ठप्प. कागद हूं म्हणत नव्हता. चार दिवस कागद फाडून झाले, तेव्हा भागीरथा म्हणाली, "तुमी सांगा ना. मी बसतो समोर. सांगत सांगत लिवा."

तसं जमलं. दिवा लागला की तो एक वाक्य बोले, ती हूं म्हणे, मग तो ते वाक्य कागदावर उतरवे. पहिली कादंबरी अशी झाली. उमरेडकडं तेव्हा कोळशाच्या खाणीचं काम सुरू झालं होतं. शालिकरामानं त्या खाणीखाली एकाखाली एक सात राज्यं वसवली. नाव दिलं सातताळ. तिथं उदयसेन नावाचा राजपुत्र होता आणि प्रत्येक ताळाच्या दारावर पहारा देणारा काजळबा नावाचा राक्षस होता. महादेवराव म्हणाले, शालिकराम हे नाव भाजीवाल्याचं वाटते, आणि पुस्तकावर 'इंद्रकेतू' छापलं.

छापखान्यातला मुद्रितं तपासणारा माणूस भाषेचा कडक होता. त्यानं शालिकरामाचं सगळं 'मले', 'तुले', 'त्याले' खोडून 'मला', 'तुला', 'त्याला' केलं. शालिकराम भांडला.

"उदयसेन राजपुत्र आहे," तो माणूस म्हणाला. "तो असा बोलेल का?"

"मंग कोण बोलन?"

"राक्षस बोलेल फार तर."

तसंच ठरलं. सातताळात सगळे शुद्ध बोलत, एकटा काजळबा बोले, "काहून आला गा तू अथी? तुले मराची घाई आहे काय?" पुस्तक निघालं आणि लोक उदयसेनाला विसरले. भंडारा, गोंदिया, चांदा, यवतमाळ, सगळीकडं पोरं काजळबासारखी बोलू लागली. तशीही ती तशीच बोलत होती म्हणा. नागपूरच्या स्टँडवर पुस्तकवाला नुसता ओरडे, "नवा काजळबा आला!"

पाच-सहा वर्षांत शालिकरामानं गिरणी सोडली. मुलगी झाली, प्रेमिला. भाड्याच्या एका खोलीच्या दोन झाल्या, पुढं ओटा आला. गोविंदा तोवर उमरेडच्या खाणीत लागला होता. भाऊबीजेला यायचा तो अंगाला कोळशाचा वास घेऊनच. प्रेमिलाला खांद्यावर बसवून म्हणायचा, "तुया बाप माया खाणीखाली राक्षस ठेवते, अन् पगार मले एकट्याचाच भेटते."

सन एकाहत्तरच्या दिवाळीत महादेवराव घाईला आले. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं होतात, दुकानं लागतात. मंडईत पुस्तक खपलं की वर्षाचं भागलं. या वेळची कादंबरी शेवटच्या प्रकरणावर अडली होती. बाकी सगळं छापून पडलं होतं. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी महादेवराव स्वतःच घरी येऊन बसले.

"आता सांग अन् आता लिही. मी कागद घेऊनच उठतो."

"दिवस आहे जी," भागीरथा आतून म्हणाली.

"दिवस आहे म्हणून तर दिसते आहे, बाई."

"दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते. आज त पोरीचा मामा येऊन राहिला."

महादेवराव हसले. शालिकराम हसला नाही. त्यालाही ते बरं वाटत नव्हतं. पण छापखान्यात मशीन थांबलेलं होतं. तो म्हणाला, "दार लावून घेऊ. खिडक्या लावू. दिवा लावू. अंधार झाला म्हणजे रातच झाली."

भागीरथेनं थोडा विचार केला. मग तिनंच खिडक्या लावल्या, फटींत लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, दाराला आतून कडी घातली आणि कंदील लावला. ओवाळायचं ताट तयार होतं, ते झाकून ठेवलं. बाहेर कार्तिकाचं ऊन आणि आत कंदील, असा तो प्रकार. प्रेमिला आईच्या मांडीवर येऊन बसली.

गोष्ट रंगली. रंगलीच. उदयसेन सातव्या ताळाच्या दाराशी पोचला होता आणि काजळबा पहिल्यांदाच दार अडवायचं सोडून दाराला टेकून रडत होता. शालिकराम काजळबाचा आवाज काढत होता, महादेवराव मांडीवर थापा मारून हसत होते, भागीरथा हूं म्हणत होती. तेवढ्यात बाहेरची कडी वाजली.

"मा, कडी वाजली," प्रेमिला म्हणाली.

भागीरथेनं मान वर केली. शालिकरामानं लिहिता हात थांबवला नाही, दुसरा हात वर केला. थांब, एवढं होऊ दे. गोष्ट मधून तोडून उठायचं नाही, हे तर तिलाही ठाऊक. त्यानं पुढचं वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "हूं." कडी आणखी एकदा वाजली. "हूं." मग वाजली नाही.

प्रकरण संपलं. महादेवरावांनी कागद पिशवीत टाकले. भागीरथेनं दार उघडलं तेव्हा उन्हानं तिचे डोळे दिपले. ओट्यावर फडक्यात बांधलेले शिंगाडे होते. गल्लीत कुणी नव्हतं. ज्याला त्याला बहिणीकडं जायचं होतं.

"भाजी बाजारात गेला असन," शालिकराम म्हणाला. "येईन."

गोविंदा आला नाही. दुसऱ्या दिवशी शालिकराम एस्टीनं उमरेडला गेला. खाणीत गोविंदा पोचला नव्हता. खोलीवर नव्हता. गावात नव्हता. पोलिसात सांगून झालं, दवाखाने पाहून झाले, कुणी म्हणालं बल्लारशाच्या गाडीत दिसला, कुणी म्हणालं कामठीत. माणूस चोवीस वर्षांचा, धडधाकट, बहिणीच्या ओट्यापर्यंत आला आणि तिथून पुढं जगात कुठंच नव्हता.

शिंगाडे भागीरथेनं उकडले नाहीत, टाकलेही नाहीत. ते सुकून काळे पडले आणि फडक्यातच राहिले.

मंडईत ते पुस्तक आजवर कुठलं खपलं नव्हतं असं खपलं. काजळबा रडला, याचं लोकांना फार कौतुक वाटलं.

पुढच्या कादंबरीला दिवाबत्ती झाल्यावर शालिकराम कागद घेऊन बसला. भागीरथा समोर बसली. तो म्हणाला, "काजळबा सहाव्या ताळावर परत आला." ती काही म्हणाली नाही. त्यानं वाट पाहिली, पुन्हा तेच म्हटलं. ती कंदिलाची काच पुसत होती.

"काहून वं? हूं म्हण ना."

"होत नाही," ती म्हणाली.

भांडण नाही, रडणं नाही. स्वयंपाक वेळेवर होई, आल्यागेल्याचं ती करी, बोले. फक्त हूं गेलं. गोष्टीतलंच नाही, साध्या बोलण्यातलंही. बाजारात चाललो म्हटलं तर ती "बरं" म्हणे. मीठ जास्त झालं म्हटलं तर "हो" म्हणे. इंदूबाई नावाची शेजारीण तासभर सासूची गाऱ्हाणी सांगे, तर भागीरथा नुसती मान हलवे. त्या घरात हूं हा आवाजच उरला नाही. शालिकरामाला पहिल्या वर्षी ते फार लागलं. दुसऱ्या वर्षी कमी लागलं. नंतर दाढ काढल्यावर जीभ त्या जागी जाते आणि परत येते, तेवढंच राहिलं.

महादेवरावांनी उपाय काढला. छापखान्यात चंपतराव म्हणून एक म्हातारे रिकामे बसत, त्यांना पगार देऊन हूं म्हणायला पाठवलं. चंपतराव जेवून येत, भिंतीला टेकत आणि इमानानं हूं म्हणत. मेल्यावरही हूं, जन्मल्यावरही हूं.

"चंपतराव, राजकन्या मेली ना जी आता!"

"हूं."

"मंग जरा तरी दुःखानं म्हणा."

"पगारात जे बसते ते म्हणून राहिलो बा," चंपतराव म्हणाले. आठवड्याभरात त्यांना परत पाठवलं.

शेवटी त्याला हूं सापडलं ते पंख्यात. भाड्याच्या नव्या घरात वर पंखा होता, आणि त्याची एक पाती कुठं तरी घासून फेरीगणिक खट् म्हणे. शालिकराम वाक्य बोले, पंखा खट् म्हणे, शालिकराम लिही. मिस्त्री दुरुस्त करायला आला तर त्यानं हाकलून दिला. हिवाळ्यातही तो अंगावर शाल घेऊन पंखा लावून बसे. दिवस, रात्र असं काही उरलं नाही. सकाळी लिही, दुपारी लिही. वाट चुकायला मामा उरला नव्हता.

आणि पैसा आला. वाचणाऱ्याला वाटेल, आता याची कादंबरी पडली असेल. पडली नाही. महादेवराव म्हणाले, "आता तू थंड लिहितो. पहिले लोकाले मजा वाटे, आता भेव वाटते. हे जास्त खपते." सातताळच्या कादंबऱ्या हिंदीत गेल्या, रायपूर-जबलपूरच्या फलाटांवर दिसू लागल्या. स्वतःचं दुमजली घर झालं, खट् म्हणणारा पंखा तिथं नेऊन टांगला, फाटकावर इंद्रकेतू नावाची पितळी पाटी लागली. स्कूटर आली, मग अँबेसेडर आली. कळमेश्वरकडं संत्र्याची बाग घेतली. बुटीबोरीला कुणीतरी गळ्यात मारलेली दगडगोट्यांची गोटाड जमीन घेतली होती, तिथं पुढं कारखाने येणार म्हणून ती सोन्यासारखी झाली. लोक म्हणत, याच्या हाताला काजळबा लागला. शालिकराम हसल्यासारखं करी. त्याला बाग पाहायला नेलं की तो झाडं पाही, संत्री लागली आहेत असं म्हणे, आणि मोटारीत येऊन बसे. एका सभेत त्याला शाल-नारळ दिलं. भाषण कर म्हणाले तर तो म्हणाला, "मी गोष्टी सांगतो, लोक घेतात," आणि खाली बसला. लोकांना ते साधेपण वाटलं. त्याला खरोखरच दुसरं काही सुचलं नव्हतं.

भागीरथेच्या अंगावर सोनं आलं. बाजारात मात्र ती मधूनच थांबे आणि पाठमोऱ्या एखाद्या माणसाच्या मागं चालू लागे. एकदा तिनं सीताबर्डीवर एका सरदारजीच्या ड्रायव्हरचा हात धरला. एकदा दवाखान्याच्या दारात कुणा हमालाला "गोविंदा" म्हणून पाणी पाजलं, आणि तो बिचारा पाणी पिऊन "मी मारोती आहे जी" म्हणाला. घरी आल्यावर ती हे सांगत नसे. बरोबरची प्रेमिला सांगे.

प्रेमिला एकोणीस वर्षांची झाली, चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातलं लग्न ठरलं. मुलाकडचे बरे होते. याद्या झाल्या. मामा कोण उभा राहील, असं व्याह्यांनी सहज विचारलं. पोरीला बोहल्यावर आणायचं मामानं, अंतरपाटामागं तिच्या पाठीशी उभं राहायचं मामानं. शालिकराम म्हणाला, भागीरथेच्या लांबच्या चुलतभावांपैकी कुणी राहील.

"नाही," भागीरथा म्हणाली.

"मंग कोण?"

"तिचा मामा आहे. मेला असं कोणी सांगतलं नाही मले."

"अन् नाही आला त?"

"त पोरगी उभी नाही राहणार."

तिनं हे आवाज न चढवता सांगितलं आणि पापडाचं पीठ तिंबायला गेली. शालिकराम तिला ओळखून होता. जी बाई तेरा वर्षं हूं म्हणाली नाही, ती लग्न मोडेल. व्याही तालेवार होते, माणसं सांगून झाली होती. त्याला पोरीच्या तोंडाकडं पाहून काही तरी वाटायला हवं होतं. तो पाहत राहिला. ती चांगली मुलगी होती, एवढंच कळलं.

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात गेला. नवी कादंबरी मशीनवर चढत होती. शेवटचं पान कोरं राहत होतं, तिथं सुपारीची जाहिरात जाणार होती. शालिकरामानं तिथंच उभ्यानं चार ओळी लिहिल्या आणि महादेवरावांना दिल्या.

'गोविंदा, तुया भाचीचं लगन आहे. बारा मे. नागपूर. तिच्या पाठीशी उभं राहाले यायचं. मामाबिगर पोरगी बोहल्यावर चढत नाही.' खाली घराचा पत्ता.

"कादंबरीत लग्नपत्रिका?" महादेवराव म्हणाले. "लोक हसतील."

"हासू द्या."

मुद्रितं तपासणारा आता म्हातारा झाला होता. त्यानं सवयीनं 'राहाले'वर लाल शाई टेकवली. शालिकरामानं त्याचा हात धरला. "याले हात नोको लावू. हे माहं आहे."

पुस्तक निघालं, सगळ्या स्टँडांवर गेलं. आणि एक गोष्ट घडली जी शालिकरामाच्या लक्षातच आली नव्हती. त्याच्या एवढ्या पुस्तकांत 'राहाले', 'तुया' असं बोलणारा एकच होता. लोकांनी शेवटचं पान वाचलं आणि ठरवलं, काजळबाच्या पोरीचं लग्न आहे!

बारा मेच्या सकाळपासून मांडवाच्या बाहेर माणसं जमली. तुमसरची आली, वरोऱ्याची आली. पोरं घेऊन बाप आले. एक बाई काजळबाला घालायला हार घेऊन आली होती. व्याही विचारू लागले, ही कुणाकडची मंडळी? महादेवराव घाम पुसत म्हणाले, "वाचक." त्यांना जेवू घालावं लागलं. आचारी ओरडला, राक्षसाच्या सोयऱ्यांचं आधी सांगायचं ना, कढई मोठी आणली असती.

आणि त्यात मामाही आले. पहिला गोंदियाकडचा, पान खाल्लेला. आल्या आल्या रडू लागला, "माही बहीण कुठी आहे?" दुसरा शाळामास्तरासारखा दिसणारा, बरोबर चार माणसं जेवायला घेऊन. शालिकराम दोघांकडं पाहत राहिला. तेरा वर्षांत माणूस कसा होतो, त्याला सांगता येईना.

भागीरथा आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

"मी तोंड नाही पाहत," ती आतून म्हणाली. "बजारात तोंडावर मी गंज खेपा फसली. दाराशी आणा अन् इचारा, भाऊबीजेले ओट्यावर काय ठेवून गेलता."

गोंदियाचा म्हणाला, लुगडं. दार उघडलं नाही. मास्तर जरा विचार करून म्हणाला, बर्फी, पावशेर. एका पोरानं मागून ओरडून सांगितलं, "बाई, राक्षसाचं मुंडकं!" आणि बापाची थप्पड खाल्ली. दोन्ही मामांना जेवायच्या पंगतीत नेऊन बसवलं.

ऊन डोक्यावर आलं. भटजी घड्याळ पाहू लागले. वाचकांच्या पंगतीत शेवटी बसलेला एक काळा, टक्कल पडलेला माणूस पानावरून उठला. जेवला नव्हता. वाढलेलं तसंच होतं. तो शालिकरामापाशी आला आणि हात मागं बांधून उभा राहिला.

"भाटव्या, मी इचारू काय दारात?" बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं भाटवा म्हणतात.

शालिकरामानं त्याला वाट दिली. तो माणूस दाराशी गेला. कडीला हात लावला नाही.

"शिंगाडे होते, बाई. कच्चेच. उकडाले टाइम नोता."

मग भागीरथेचा आवाज आला, "वाट काहून चुकला गा?"

"वाट कुठी चुकलो मी? बरोब्बर तुयाच दारात आलतो."

"मंग गेला काहून?"

"आतमंधी कोणी शेटावानी हासून राहिला होता. मी म्हणलं, पाहुणे असन. मी खाणीतून आलेलो, अंगावर कोळसा. कडी वाजवली. म्हणलं, बाई, मी आलो. तू आतून म्हणलं, हूं. म्हणलं, दार उघड. तू म्हणलं, हूं. दोन खेपा म्हणलं. अन् उठली नाही. मले वाटलं, समजलं बा. आता हे मोठे लोक झाले."

मांडवातले लोक ऐकत होते. महादेवराव खाली पाहत होते. तो शेटासारखं हसणारा कोण, ते त्यांना कळलं होतं. शालिकरामाला आपला वर गेलेला हात आठवला, पंजा, बोटांना लागलेली शाई. तो हात आता बाजूला लोंबत होता आणि त्यात सुपारी होती.

"मंग कोण्या गाडीत बसलो ते पाहलं नाही. भिलाईले उतरलो," गोविंदा दाराला सांगत होता. "राग वर्षभरात गेला. मंग लाज वाटे. आज जाऊ, उद्या जाऊ. आमच्या बराकीत एक पोट्टा तुमचे पुस्तकं वाचून दाखवे, अन् हूं म्हणाचं काम माह्याकडं होतं. परवा त्यानं शेवटचं पान वाचलं. मी हूं म्हणून गेलो, अन् मंग समजलं का हे त मलेच आहे."

आतली कडी निघाली. भागीरथा दारात उभी राहिली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, टकलाकडं पाहिलं.

"पानावरून उठून आला," ती म्हणाली. "हातपाय धू. पोरगी खोळंबली आहे."

लग्न लागलं. गोविंदा भाचीच्या पाठीशी उभा राहिला, डोक्याला बांधलेल्या फेट्यात अवघडून. वाचक मंडळींना काजळबा दिसला नाही, पण जेवण बरं होतं, म्हणून कुणी बोललं नाही.

प्रेमिला सासरी गेली. गोविंदाला भिलाईच्या ठेकेदाराकडून आठ दिवसांची सुट्टी होती. भागीरथेनं त्याच्यासाठी वरची खोली झाडून दिली, तर तो म्हणाला, मी ओट्यावरच बरा. रोज ओट्यावरच निजला. कुणी बाज आत ओढली नाही.

सातव्या दिवशी महादेवरावांचा निरोप आला, पुढची कादंबरी लवकर पाहिजे. दिवाबत्ती झाल्यावर शालिकराम कागद घेऊन बसला आणि पंखा लावला. भागीरथा आली. तिनं बटण दाबून पंखा बंद केला आणि पूर्वीसारखी भिंतीला टेकून बसली.

"सांगा."

नागपूरचा मे महिना. कपाळावरून घाम कागदावर पडला.

"काजळबा सातव्या ताळावरून निघाला," शालिकराम म्हणाला.

"हूं."

तेरा वर्षं तो या आवाजासाठी बसला होता. आता आतून काही तरी हलेल म्हणून तो थांबला. कपाट आवरताना जुना आणा सापडावा, तो ओळखीचा असावा, आणि आता दुकानात चालत नसावा, तसं झालं. त्यानं लेखणी पुन्हा शाईत बुडवली.

"वर येता येता त्याले एक घर दिसलं."

"हूं."

"हूं," ओट्यावरून गोविंदाही म्हणाला.

"त्या घराची त्यानं कडी वाजवली."

कुणीच काही म्हणालं नाही. आतूनही नाही, बाहेरूनही नाही. शालिकरामानं मान वर केली. भागीरथा उठली होती. बाहेरच्या खोलीत गेली, दाराशी थांबली, कडी हातानं चाचपली.

"उघडंच आहे," ती तिकडून म्हणाली, आणि परत येऊन बसली. "मंग?"